सांडपाण्यासाठी इलेक्ट्रोड: लोखंड, ॲल्युमिनियम की कोटिंगचे टायटॅनियम? खर्चाची तुलना कशी करावी?

प्रश्न — हिंगणा_प्लेटिंग

नमस्कार. नागपूरच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत आमचा झिंक प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे. प्लेटिंगनंतर आम्ही पिवळे पॅसिव्हेशन (जस्ताला गंजापासून वाचवणारा रासायनिक थर) करतो आणि त्यासाठी अजूनही क्रोमेट वापरतो, त्यामुळे धुण्याच्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे विरघळणारे विषारी रूप) उतरते. दिवसाला साधारण १० घनमीटर सांडपाणी निघते. त्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास आणि जस्त २० मिलिग्रॅमच्या आसपास असते, तर पाण्याची विद्युतवाहकता सेंटिमीटरला २ मिलिसीमेन्स आहे. आमच्या बाथमध्ये (प्लेटिंगच्या द्रावणात) सायनाइड नाही. काम ८ तासांच्या एकाच पाळीत चालते.

या पाण्यासाठी इलेक्ट्रोकोॲग्युलेशनची (प्लेटा विजेने विरघळवून अशुद्धी गाळात बसवण्याची) टाकी बसवावी असा विचार आहे. तीन ठिकाणांहून कोटेशन मागवले, तर तिघांनी तीन वेगवेगळे धातू सुचवले. पहिल्याने एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधे लोखंड) प्लेटा किलोला ६५ रुपयांनी धरल्या आहेत, दुसऱ्याने ॲल्युमिनियम किलोला ३०० रुपयांनी, आणि तिसऱ्याने मिश्र ऑक्साइडचे कोटिंग असलेल्या टायटॅनियमच्या जाळ्या चौरस मीटरला ६०,००० रुपयांनी. याशिवाय आमच्या ओळखीचा फॅब्रिकेटर म्हणतो की गंजण्याची कटकट नको असेल तर किलोला २३० रुपयांचे एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) घ्या. किलोचा भाव आणि चौरस मीटरचा भाव एकमेकांसमोर ठेवायचे कसे, हे आम्हाला उमगत नाही.

बाहेर सोडायच्या पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आणि एकूण क्रोमियम २ मिलिग्रॅमच्या आत असले पाहिजे. वसाहतीचा काही भाग अंबाझरी तलावाच्या पाणलोटात येतो, त्यामुळे हे काम केवळ प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राच्या नूतनीकरणापुरते करण्याची आमची इच्छा नाही. नीरीच्या (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या) शहरात या विषयाचे जाणकार नक्कीच असतील, म्हणून येथे विचारत आहे.

उत्तर — विद्युतरसायन

आपण माहिती नीट दिली आहे, त्यामुळे आकड्यांतच बोलता येईल. किलोचा भाव आधी बाजूला ठेवावा, कारण इलेक्ट्रोडकडून आपण विकत घेतो ते वजन नसून विद्युतभार असतो. प्रत्येक धातूचा भाव एका अँपिअर-तासाला (एक अँपिअर प्रवाह तासभर) किती पडतो हे काढले की सगळे धातू एका रांगेत येतात.

फॅरेडेच्या नियमाप्रमाणे एका अँपिअर-तासाला लोखंड १.०४ ग्रॅम विरघळते, तर ॲल्युमिनियम फक्त ०.३३६ ग्रॅम. ॲल्युमिनियमचा अणू हलका असून तो तीन इलेक्ट्रॉन सोडतो, लोखंडाचा अणू दुपटीहून जड असून दोनच सोडतो, म्हणून हा फरक पडतो. आपण दिलेल्या भावांनी हिशेब केला तर एका अँपिअर-तासाला लोखंड सुमारे ६.८ पैशांचे आणि ॲल्युमिनियम सुमारे १० पैशांचे खर्ची पडते. किलोच्या भावात साडेचार पटींहून अधिक दिसणारा फरक येथे दीडपटीवर येतो. प्रत्यक्षात ॲल्युमिनियम याहून थोडे महाग पडते, कारण कॅथोडजवळचे (ऋण इलेक्ट्रोडजवळचे) पाणी अल्कधर्मी होते आणि तेथे हा धातू विजेविनाही विरघळत राहतो.

तरीही आपल्या पाण्यासाठी ॲल्युमिनियम मी सुचवणार नाही, आणि त्याचे कारण भावात नाही. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम पाण्यात क्रोमेटच्या रूपात विरघळलेले असते आणि पीएच वाढवून ते खाली बसत नाही. आधी त्याचे क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, ट्रायव्हॅलंट क्रोमियम करावे लागते, मगच त्याचा हायड्रॉक्साइड होऊन गाळ बसतो. लोखंडाच्या ॲनोडमधून (धन इलेक्ट्रोडमधून) सुटणारे फेरस लोह हे काम स्वतःच करते: क्रोमियमच्या एका अणूमागे फेरसचे तीन अणू खर्च होतात आणि त्यातून तयार झालेले फेरिक हायड्रॉक्साइड क्रोमियमला बरोबर घेऊन खाली बसते. ॲल्युमिनियममध्ये अशी क्षपणाची ताकद देणारा आयन पाण्यात येतच नाही. थोडे क्रोमेट त्याच्या गाळावर चिकटते आणि थोडे कॅथोडवर बदलते, पण एवढ्यावर ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा गाठण्याची खात्री कोणी देऊ नये.

आता प्रमाण पाहू. एक ग्रॅम हेक्झाव्हॅलंट क्रोमियमसाठी सैद्धांतिक हिशेबाने ३.२२ ग्रॅम लोखंड लागते, म्हणजे आपल्या एका घनमीटर पाण्याला सुमारे ९७ ग्रॅम. काही फेरस हवेतल्या ऑक्सिजनशीच संयोग पावून वाया जाते, म्हणून दीडपट धरू: १४५ ग्रॅम. त्यासाठी घनमीटरला सुमारे १४० अँपिअर-तास लागतील. १० घनमीटर पाणी ८ तासांत हाताळायचे तर १७५ अँपिअर प्रवाह हवा. एवढ्या क्षमतेचा रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारे यंत्र) प्लेटिंगच्या कारखान्यात बहुधा असतोच, त्यामुळे नवा घेण्याआधी आपला जुना तपासून पाहावा.

एसएस ३०४ बाबत मात्र मी ठामपणे नको म्हणेन. त्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ॲनोड म्हणून ते वापरले की हे दोन्ही धातू पाण्यात उतरतात आणि क्रोमियमचा काही भाग तर हेक्झाव्हॅलंट रूपातच उतरतो. जे काढण्यासाठी टाकी बसवायची तेच टाकीतून पाण्यात घालण्याचा हा प्रकार आहे, शिवाय तो लोखंडाच्या साडेतीन पट भावाने. कॅथोड म्हणून स्टेनलेस चालते, पण मग कॅथोडवरचा थर सुटावा म्हणून प्रवाहाची दिशा उलटवण्याची सोय राहत नाही.

एमएस प्लेट घेताना इतवारीच्या लोहा ओळीत मिळणारी साधी हॉट-रोल्ड प्लेट पुरेशी आहे, फक्त ती जस्त चढवलेली नसावी आणि टाकीत सोडण्यापूर्वी तिच्यावरचे तेल व काळी खपली ॲसिडने काढलेली असावी. पिकलिंगची टाकी आपल्याकडे आहेच.

उत्तर — ईटीपी_बुटीबोरी

वरील उत्तराशी सहमत आहे, पण प्लेटेच्या खरेदीखेरीज जो खर्च येतो त्याबद्दल लिहितो, कारण बुटीबोरीत सांडपाणी प्रकल्प चालवताना पैसा तेथेच जास्त जातो असे मी पाहत आलो आहे.

पहिली गोष्ट, विकत घेतलेली प्लेट पूर्ण वापरता येत नाही. ती सगळीकडून सारखी झिजत नाही. कडा आधी जातात, आणि प्लेट अर्धी पाण्याबाहेर असेल तर पाण्याच्या रेषेवर ती सर्वांत लवकर खाल्ली जाते, मग तेथूनच तुटून खालचा तुकडा शेजारच्या प्लेटेवर टेकतो आणि शॉर्ट होतो. म्हणून प्लेट पूर्ण बुडालेली ठेवावी आणि जोडणीची पट्टीच तेवढी वर आणावी. एवढे करूनही ६५ टक्के वजन वापरले गेले तरी चांगले म्हणावे. उरलेले ३५ टक्के भंगारात किलोला ३० रुपयांनी गेले असे धरले, तर ६५ रुपयांची प्लेट खऱ्या अर्थाने किलोला ८४ रुपये पडते, म्हणजे घनमीटरला सुमारे १२ रुपये. ॲल्युमिनियमचे भंगार १५० रुपयांनी गेले तरी त्याचा असाच खरा भाव ३८० रुपयांच्या घरात जातो.

दुसरी गोष्ट वीज. येथे धातूपेक्षा दोन प्लेटांमधले अंतर महत्त्वाचे आहे. आपल्या वाहकतेच्या पाण्यात चौरस मीटरला १०० अँपिअर प्रवाह असताना १० मिलिमीटर अंतरात नुसत्या पाण्यातच ५ व्होल्ट जातात. अंतर २० मिलिमीटर ठेवले तर १० व्होल्ट. त्यावर प्लेटेच्या पृष्ठभागावरचे दोनेक व्होल्ट वेगळे. म्हणजे १० मिलिमीटर अंतरावर ७ व्होल्ट धरले तर १४० अँपिअर-तासांना सुमारे १ युनिट, आणि रेक्टिफायरमधला तोटा धरून १.१५ युनिट वीज लागेल. युनिटला १० रुपये दर धरला तर घनमीटरला साडेअकरा रुपये होतात. हेच अंतर २० मिलिमीटर झाले तर वीजखर्च सुमारे ८ रुपयांनी वाढतो, आणि धातूच्या भावात घासाघीस करून वाचवलेले सगळे त्यात निघून जाते. मात्र अंतर १० मिलिमीटरच्या खाली नेऊ नये, गाळ अडकतो.

यात आपल्याकडच्या पाण्याचा एक मुद्दा आहे. हिंगण्याच्या बाजूला खाली बेसाल्ट खडक आहे आणि बोअरचे पाणी जड असते. असे पाणी धुण्यासाठी वापरले तर कॅथोडवर कॅल्शियमचा पांढरा थर बसतो आणि व्होल्ट चढत जातात. दोन्ही बाजूंना एमएस प्लेटा ठेवून दर १५ ते ३० मिनिटांनी प्रवाहाची दिशा उलटवली तर हा थर बराचसा सुटतो आणि दोन्ही बाजूंच्या प्लेटा सारख्या झिजतात.

तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट गाळ. १४५ ग्रॅम लोखंडाचे सुमारे २८० ग्रॅम हायड्रॉक्साइड होते. त्यात क्रोमियमचे ६० आणि जस्ताचे ३० ग्रॅम मिळवले की घनमीटरला ३७० ग्रॅम कोरडा गाळ झाला. फिल्टर प्रेसमधून (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रातून) निघणारा केक २५ टक्के घन असेल तर त्याचे वजन जवळजवळ दीड किलो भरते. वर्षाला ३०० दिवस धरले तर हे साडेचार टनांच्या आसपास जाते. हा घातक कचरा आहे, तो अधिकृत विल्हेवाट केंद्रातच पाठवावा लागतो, आणि आपल्या सुदैवाने ते केंद्र बुटीबोरीलाच असल्यामुळे वाहतूक जवळची आहे. वाहतुकीसह किलोला १२ रुपये धरले तरी घनमीटरला सुमारे पावणेअठरा रुपये होतात. म्हणजे ज्या प्लेटेच्या भावावरून आपण विचारात पडला आहात तिच्यापेक्षा तिच्या गाळाचा खर्च जास्त आहे.

येथे विदर्भाचे ऊन उपयोगी पडते. छप्पर असलेल्या, खाली गळती न होणाऱ्या पक्क्या ओट्यावर केक पातळ पसरला तर एप्रिल-मेमध्ये तो फार लवकर सुकतो, आणि ६० टक्के घन झाला की वजन निम्म्याहून कमी होते. वजनावर पैसे मोजायचे असल्यामुळे ही बचत थेट हातात येते. मात्र साठवणुकीची मुदत सांभाळावी. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ती ९० दिवस आहे. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा करणाऱ्या लहान उद्योगांना मंडळाच्या परवानगीने ती १८० दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकते.

प्लेटा बदलण्याची मजुरीही धरा. दिवसाला दीड किलो लोखंड जाणार, आणि १७५ अँपिअरसाठी ॲनोडचा पावणेदोन चौरस मीटर पृष्ठभाग लागणार. १० मिलिमीटर जाडीच्या प्लेटा दोन्ही बाजूंनी वापरल्या तर एक संच महिनाभर टिकेल, दिशा उलटवत राहिल्यास दोन महिने. कोटेशनमध्ये ३ मिलिमीटरच्या प्लेटा असतील तर आपला माणूस सतत बोल्ट खोलत बसेल.

हिंगणा_प्लेटिंग

दोघांचेही मनापासून आभार. आमच्या कोटेशनमध्ये ३ मिलिमीटरच्याच प्लेटा आहेत आणि दोन प्लेटांमधले अंतर त्यात कोठेही लिहिलेले नाही, हे आत्ता लक्षात आले. टायटॅनियमबद्दल मात्र अजून शंका आहे. तो पुरवठादार म्हणतो की त्याच्या जाळ्या झिजत नाहीत, गाळ जवळजवळ होत नाही, आणि पाच वर्षे पाहावे लागत नाही. मग सुरुवातीचे पैसे जास्त गेले तरी शेवटी तेच स्वस्त पडणार नाही का?

उत्तर — विद्युतरसायन

अँपिअर-तासाच्या भावात पाहिले तर आपली शंका बरोबर आहे. चौरस मीटरला ६०,००० रुपये, प्रवाह ३०० अँपिअर आणि कोटिंगचे आयुष्य १०,००० तास धरले तर एका चौरस मीटरमधून ३० लाख अँपिअर-तास मिळतात, म्हणजे अँपिअर-तासाला २ पैसे. लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण हे दोन इलेक्ट्रोड एकच काम करत नाहीत, त्यामुळे या दोन आकड्यांची तुलना येथे संपते.

टायटॅनियमवर रुथेनियम आणि इरिडियमच्या ऑक्साइडचे कोटिंग असते. १९६० च्या दशकात हेन्री बीअर यांनी ही कल्पना पुढे आणली आणि क्लोरीन बनवणाऱ्या कारखान्यांतून झिजणारे ग्रॅफाइटचे ॲनोड तिने हटवले. हा ॲनोड स्वतः विरघळत नाही. तो पाण्यातून ऑक्सिजन काढतो, आणि पाण्यात क्लोराइड असेल तर क्लोरीन. रंग, सायनाइड, अमोनिया किंवा सेंद्रिय भार जाळायचा असेल तेथे त्याचा चांगला उपयोग होतो. आपल्याला मात्र क्रोमियमचे क्षपण हवे आहे आणि हा ॲनोड त्याच्या उलट, म्हणजे ऑक्सिडीकरण, करतो. अल्कधर्मी पाण्यात तयार झालेले हायपोक्लोराइट ट्रायव्हॅलंट क्रोमियमला पुन्हा हेक्झाव्हॅलंट बनवू शकते. गाळ होत नाही हे त्या पुरवठादाराचे म्हणणे खरे आहे, पण गाळ होत नाही म्हणजे क्रोमियम पाण्यातच राहते.

पुढेमागे अन्य कामासाठी अशा जाळ्या घेण्याची वेळ आली तर हमी वर्षांमध्ये न घेता ठरावीक प्रवाहाला किती तास, अशी लिहून घ्यावी. प्रवाहाची दिशा उलटवल्यास, किंवा आम्लधर्मी पाण्यात फ्लोराइड असल्यास हमी रद्द होते का, तेही विचारावे. दोन्ही गोष्टी कोटिंगला आणि टायटॅनियमला मारक आहेत. कोटिंग गेले की उघड्या टायटॅनियमवर विद्युतरोधक ऑक्साइडचा थर चढतो आणि प्रवाह जवळजवळ थांबतो. जाळी मात्र सुस्थितीत असेल तर पुन्हा कोटिंग करता येते, म्हणून पुनर्कोटिंगचा दरही कोटेशनमध्येच मागावा.

कोणी बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याच्या इलेक्ट्रोडचे नाव घेतले तर तेही आपल्यासाठी नाही. तो याच जातीचा, याहून तीव्र ऑक्सिडीकरण करणारा आणि कितीतरी महाग असतो, आणि क्लोराइड असलेल्या पाण्यात त्यातून परक्लोरेट तयार होण्याचा धोका असतो.

उत्तर — जुना_केमिस्ट

चर्चा उत्तम चालली आहे, पण इलेक्ट्रोडची तुलना फक्त इलेक्ट्रोडशीच होत आहे याची चिंता वाटते. लिटरला ३० मिलिग्रॅम क्रोमियमसाठी सोडियम मेटाबायसल्फाइटने क्षपण करण्याचा जुना मार्ग अजूनही स्पर्धेत आहे आणि त्याचा आकडा समोर ठेवल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

एक ग्रॅम हेक्झाव्हॅलंट क्रोमियमला सैद्धांतिक हिशेबाने २.७४ ग्रॅम मेटाबायसल्फाइट लागते. दीडपट धरले तरी आपल्या घनमीटरला सुमारे १२५ ग्रॅम, आणि किलोला ५० रुपये धरले तर ६ रुपये. त्यावर पीएच २ ते ३ पर्यंत खाली आणण्यासाठी ॲसिड आणि नंतर पुन्हा वर नेण्यासाठी कॉस्टिक सोडा. परंतु खरा फरक गाळात आहे: यात लोखंड नसल्यामुळे कोरडा गाळ घनमीटरला ९० ग्रॅमच्या आसपास राहतो, म्हणजे वर सांगितलेल्या ३७० ग्रॅमच्या चौथ्या हिश्श्याएवढा. चुना वापरला तर हा फायदा बराच कमी होईल, म्हणून कॉस्टिकच धरले आहे.

याच्या विरुद्ध बाजूने सांगायचे तर मेटाबायसल्फाइटला दोन टप्पे आणि पीएचवर सतत नजर लागते, सल्फर डायऑक्साइडचा वास सुटतो, आणि क्षपण पूर्ण होण्याआधीच कामगाराने कॉस्टिक सोडले तर हेक्झाव्हॅलंट क्रोमियम तसेच बाहेर जाते. एमएस प्लेटांची टाकी आपल्या पाण्याच्या मूळ पीएचलाच चालते, त्यामुळे कमी माणसांच्या कारखान्यात तिचे मोल आहे. दोन्हीकडचे पैसे आणि आपल्याकडे पाळीत कोण उभे राहणार आहे, हे एकत्र पाहूनच ठरवावे.

त्याआधी एक विनंती. पॅसिव्हेशननंतरची धुण्याची टाकी एकच असेल तर दोन टाक्या उलट प्रवाहाने (स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत येऊन पहिलीकडे जाईल असे) जोडा आणि जॉब (प्लेट केलेली वस्तू) बाथवर थोडा वेळ निथळू द्या. जे क्रोमेट पाण्यात गेलेच नाही त्याच्यावर प्लेट, वीज, गाळ यांपैकी काहीच खर्च होत नाही. ट्रायव्हॅलंट क्रोमियमचे पॅसिव्हेशनही आता बाजारात मिळते. आपल्या ग्राहकाच्या ड्रॉइंगवर ते चालते का, हे विचारून पाहावे.

हिंगणा_प्लेटिंग

सर्वांचे आभार. टायटॅनियम, ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस यांचा विचार आम्ही सोडला आहे. एमएस प्लेटा आणि मेटाबायसल्फाइट या दोन्हींची २० लिटरच्या पिंपात चाचणी घेऊन मगच मागणी नोंदवू. ट्रायव्हॅलंटबद्दल ग्राहकाला आजच पत्र लिहीत आहे. प्लेटांच्या चाचणीत किती अँपिअर आणि किती वेळ ठेवावे?

उत्तर — विद्युतरसायन

घनमीटरला १४० अँपिअर-तासांच्या प्रमाणाने २० लिटरला २.८ अँपिअर-तास होतात, म्हणजे ५.६ अँपिअर अर्धा तास. ॲनोडचा समोरचा पृष्ठभाग सुमारे ५६० चौरस सेंटिमीटर आणि अंतर १० मिलिमीटर ठेवा, पाणी हळू ढवळत राहा, आणि या चाचणीपुरती प्रवाहाची दिशा उलटवू नका. ॲनोड आधी व नंतर धुऊन, सुकवून, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोला. सुमारे २.९ ग्रॅम घट आली तर प्रवाह लोखंड विरघळवण्यातच खर्च झाला. त्याहून बरीच कमी आली तर प्लेट निष्क्रिय होत आहे असे समजावे. दर पाच मिनिटांनी नमुना काढून लगेच गाळून घ्या आणि डायफेनिलकार्बाझाइडने (हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असेल तर जांभळा रंग देणाऱ्या रसायनाने) तपासा. न गाळलेल्या नमुन्यात लोहाचा पिवळेपणा रंगात मिसळतो, शिवाय तेथे फेरस क्रोमेटवर काम करतच राहते, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. जांभळी छटा ज्या मिनिटाला नाहीशी होईल तेथपर्यंतचे अँपिअर-तास हाच आपल्या पाण्याचा खरा आकडा. वरच्या सगळ्या हिशेबात १४० च्या जागी तो घालून रुपये पुन्हा काढावेत.